ऋण काढून सण : लीड्स, पोर्टस्मथ आणि पुढच्या हंगामाच्या भरवशावर जगणारे फुटबॉल क्लब

नदीकाठ (धागाकर्ता)

इंग्लंडमधील लीड्स युनायटेड हा क्लब मे २००१ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत व्हॅलेन्सियाशी झुंजत होता. सहा वर्षांनी, मे २००७ मध्ये, तोच क्लब प्रशासकाच्या, म्हणजे देणी न भागवू शकणाऱ्या संस्थेचा कारभार पाहायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात गेला आणि इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत घसरला. मधल्या काळात शहर ओस पडले नव्हते आणि प्रेक्षकांनीही पाठ फिरवली नव्हती. क्लबने जे पैसे अजून कमावलेच नव्हते ते आधीच खर्च करून टाकले होते, एवढेच घडले होते. इंग्लिश फुटबॉलमध्ये त्यानंतर जे जे क्लब बुडाले, त्यांची कहाणी तपशील बदलून बहुतेक अशीच आहे, म्हणून हा धागा लीड्सपासून सुरू करतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लीड्सकडे स्वतःच्या अकादमीत घडलेली विलक्षण पिढी होती. हॅरी क्युएल, जोनाथन वुडगेट, ॲलन स्मिथ, इयान हार्ट, गोलरक्षक पॉल रॉबिन्सन ही सगळी मुले क्लबला जवळजवळ फुकटात मिळालेली होती. अध्यक्ष पीटर रिड्सडेल आणि प्रशिक्षक डेव्हिड ओलिअरी यांनी या पायावर मजले चढवायचे ठरवले. नोव्हेंबर २००० मध्ये रिओ फर्डिनांडसाठी १ कोटी ८० लाख पौंड मोजले गेले, आणि तो त्या वेळचा ब्रिटिश विक्रम होता. मार्क विडुका, ऑलिव्हिए दाकूर, रॉबी कीन आणि पुढच्या वर्षी १ कोटी १० लाख पौंडांत रॉबी फाउलर असे एकामागोमाग एक खेळाडू येत गेले. यांपैकी कोणीही सुमार खेळाडू नव्हता, हे आवर्जून नोंदवतो. निवड चांगली होती आणि संघ खरोखरच देखणा खेळत होता.

मात्र हा सगळा खर्च क्लब दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळेल या गृहीतकावर उभा होता. २०००-०१ च्या हंगामात इंग्लंडला तीनच जागा होत्या. लिव्हरपूलने ६९ गुणांसह तिसरे स्थान मिळवले आणि लीड्स ६८ गुणांसह चौथे राहिले. त्या एका गुणाने पुढच्या वर्षीच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गेला, खर्च मात्र होता तिथेच राहिला, कारण खेळाडूंचे करार आधीच झालेले होते. याच सुमारास, २००१ मध्ये, क्लबने भावी तिकीटविक्री तारण ठेवून ६ कोटी पौंडांचे कर्ज उभारले आणि त्याची परतफेड पंचवीस वर्षांत करायची होती. याखेरीज काही खेळाडू तर भाडेपट्ट्यासारख्या व्यवहारांतून वित्तसंस्थांच्या पैशावर घेतलेले होते.

या कर्जाची मुदत मला फार महत्त्वाची वाटते. फुटबॉलपटूचा करार चार-पाच वर्षांचा असतो आणि गुडघा दुखावला तर त्याचे मोल एका दुपारीही संपते. अशा गोष्टीसाठी पंचवीस वर्षांचे कर्ज काढले म्हणजे खेळाडू निवृत्त होऊन प्रशिक्षक झाला तरी त्याच्या खरेदीचे हप्ते शिल्लकच राहणार. तेच कर्ज स्टँड बांधायला काढले असते, तर निदान पंचवीस वर्षांनी स्टँड तरी उभा राहिला असता.

१ जानेवारी २००२ रोजी लीड्स लीगच्या अग्रस्थानी होते. मे महिन्यात ते पाचवे आले आणि चॅम्पियन्स लीग दुसऱ्यांदा हुकली. जूनमध्ये ओलिअरी यांना काढण्यात आले आणि जुलैत फर्डिनांड सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला. त्यानंतरची विक्री गरजूची विक्री होती. समोरच्याला तुमची निकड ठाऊक असली की भाव पडतोच. फाउलरला मँचेस्टर सिटीकडे जवळपास निम्म्या किमतीत देऊन वर त्याच्या वेतनाचा काही भाग लीड्सच भरत राहिले. क्युएल अवघ्या ५० लाख पौंडांत लिव्हरपूलला गेला. जून २००३ अखेरच्या वर्षात क्लबला जवळजवळ ५ कोटी पौंडांचा तोटा झाला आणि ब्रिटिश फुटबॉलमध्ये तोवर एवढा तोटा कोणी दाखवलेला नव्हता.

मे २००४ मध्ये लीड्स प्रीमियर लीगमधून खाली घसरले. घरच्या मैदानावरील शेवटच्या सामन्यानंतर शहराचाच मुलगा असलेल्या ॲलन स्मिथला प्रेक्षकांनी खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. थोड्याच दिवसांत त्यालाही ७० लाख पौंडांत विकावे लागले, आणि तेही ज्या क्लबचे नाव लीड्समध्ये कोणी प्रेमाने घेत नाही त्या मँचेस्टर युनायटेडला. त्याच वर्षी एलंड रोड हे मैदान आणि थॉर्प आर्च येथील सराव केंद्र विकून क्लब स्वतःच्याच घरात भाडेकरू झाला. २००७ मध्ये प्रशासक आल्यावर दहा गुण कापले गेले आणि पुढच्या हंगामाची सुरुवात आणखी पंधरा गुण वजा होऊन झाली. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० साल उजाडले.

क्लबने महत्त्वाकांक्षा बाळगू नये, असे माझे म्हणणे नाही. पण जो खर्च विजयावर अवलंबून आहे तो विजय मिळाल्यानंतर करावा, आणि कराराच्या कागदातच तशी तरतूद असावी, असे मला ठामपणे वाटते. श्रेणी घसरली तर वेतन आपोआप कमी होईल, असे कलम आता अनेक क्लब करारात घालतात. लीड्सच्या बड्या करारांत तशी खबरदारी घेतली असती, तर पुढची सोळा वर्षे कदाचित वेगळी गेली असती. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

मध्यफळी

नदीकाठ, लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे तत्त्व फुटबॉलला लावताना अंथरूण कोणी ठरवले हा प्रश्न आपण विचारत नाही. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, रेआल माद्रिद यांचे उत्पन्न मोठे आहे, कारण ते अनेक दशके जिंकत आले आहेत. प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाएवढाच खर्च केला तर आजचा क्रम कायमचा गोठेल. ब्लॅकबर्न रोव्हर्सने १९९५ मध्ये विजेतेपद मिळवले ते पोलाद उद्योजक जॅक वॉकर यांच्या पैशावर. चेल्सीचे २००३ नंतरचे सगळे वैभव रोमान अब्रामोविच यांनी दिलेल्या कर्जावर उभे होते आणि ती रक्कम शेवटी दीड अब्ज पौंडांवर गेली होती. या कर्जांना कोणी अविचार म्हटले नाही, कारण धनको श्रीमंत होता आणि संघ जिंकत होता.

दुसरी बाजूही पाहा. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला तो कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा मोठा बोजा क्लबच्याच डोक्यावर टाकला. त्या पैशातून एकही खेळाडू आला नाही की एकही वीट रचली गेली नाही. तरीही ते नियमात बसले, कारण व्याज भरण्याइतके उत्पन्न होते. लीड्सने निदान संघ घडवण्यासाठी कर्ज काढले होते आणि ते यशापासून एका गुणावर होते. तो एक गुण मिळाला असता, तर आज आपण रिड्सडेल यांना दूरदर्शी म्हटले असते.

जमाखर्च

मी व्यवसायाने लेखापाल आहे, त्यामुळे थोडे हिशेबाच्या अंगाने लिहितो.

मध्यफळी यांचा ग्लेझर यांच्याबद्दलचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्या व्यवहारात क्लबचे कणभरही भले झाले नाही. परंतु 'एक गुण मिळाला असता तर' हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. तो गुण मिळाला असता तर तेच गणित एक वर्ष पुढे ढकलले गेले असते आणि त्या वर्षी आणखी दोन खेळाडू घेतले गेले असते. ज्या योजनेत दरवर्षी पहिल्या तिघांत येणे भाग आहे, त्या योजनेत अपयश कधी ना कधी येणारच, कारण त्या तीन जागांसाठी किमान सहा-सात क्लब हाच विचार करत असतात.

खेळाडूच्या खरेदीची नोंद कशी होते हे समजले तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. समजा, क्लबने एका खेळाडूला ३ कोटी पौंड देऊन पाच वर्षांसाठी करारबद्ध केले. त्या वर्षीच्या नफा-तोटा पत्रकात ३ कोटी दिसत नाहीत, दरवर्षी ६० लाखच खर्ची पडतात. उलट एखादा खेळाडू विकला की त्याची पुस्तकी किंमत, म्हणजे खरेदीतली अजून खर्ची न पडलेली रक्कम, वजा जाता उरलेला सगळा नफा त्याच वर्षी दाखवता येतो. म्हणून अकादमीतून आलेला मुलगा विकणे हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे ठरते. त्याची पुस्तकी किंमत शून्य असते आणि आलेली सगळी रक्कम नफा होते. ज्या मुलाला शहर आपला मानते तोच आधी विकला जातो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे क्लब बुडाला की नुकसान कोणाचे होते. यासाठी पोर्टस्मथचे उदाहरण पाहावे. २००८ मध्ये या क्लबने एफए कप ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली, आणि तो संघ त्यांच्या वीसेक हजार प्रेक्षकांच्या जुन्या मैदानाला झेपणारा नव्हता. मालक अलेक्झांडर गायदामाक यांचा हात आखडला आणि २००९-१० या एकाच हंगामात क्लबने चार मालक पाहिले. खेळाडूंचे पगार थकले. फेब्रुवारी २०१० मध्ये पोर्टस्मथ प्रशासकाच्या हाती गेला आणि प्रीमियर लीगमध्ये असताना ही वेळ ओढवलेला तो पहिला क्लब ठरला. नऊ गुण कापले गेले, सुमारे ८५ कर्मचाऱ्यांना घरी पाठवले गेले आणि त्याच मे महिन्यात हा संघ वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध उतरला.

एकूण देणी १२ कोटी पौंडांच्या आसपास होती. धनकोंच्या यादीत बडे सावकार होते, इतर क्लब होते, खेळाडू होते आणि कर खाते होते. त्यांच्याबरोबर शहरातील छोटे पुरवठादार होते आणि सामन्याच्या दिवशी प्रथमोपचार पुरवणारी सेंट जॉन अँब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. इथे इंग्लिश फुटबॉलचा एक खास नियम लागू होतो. लीगमध्ये राहायचे असेल तर 'फुटबॉलमधील धनकों'ची, म्हणजे खेळाडूंची आणि इतर क्लबांची, देणी पूर्ण भागवावी लागतात. बाकीच्यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. पोर्टस्मथने इतर धनकोंना पौंडामागे २० पेन्स देऊ केले. लीड्सच्या वेळी २००७ मध्ये पहिला प्रस्ताव पौंडामागे अवघ्या एका पेनीचा होता. आठवड्याला हजारो पौंड घेणाऱ्या खेळाडूचा पै-पैसा चुकता होतो आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या संस्थेच्या देण्यावर पाणी सोडले जाते, हे मला आजही अत्यंत अन्यायाचे वाटते.

कर खात्याने या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, परंतु मे २०१२ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला. त्यापूर्वी पोर्टस्मथने धनकोंशी केलेल्या त्या २० पेन्सच्या तडजोडीलाही खात्याने आव्हान दिले होते. तडजोड मंजूर व्हायला मूल्याने ७५ टक्के धनकोंची संमती लागते. क्लबकडून खेळाडूंना 'प्रतिमा हक्कां'पोटी, म्हणजे त्यांचे नाव आणि छबी वापरण्यापोटी, दिलेल्या रकमांवर कर लागतो की नाही या वादात प्रशासकाने खात्याचा दावा कमी धरला, त्यामुळे खात्याचा हिस्सा २५ टक्क्यांच्या खाली राहिला आणि त्यांचा विरोध निष्फळ ठरला. स्कॉटलंडमध्ये २०१२ साली रेंजर्सबाबत मात्र कर खात्याच्या हाती पुरेशी मते होती. त्यांनी तडजोड फेटाळली, जुनी कंपनी अवसायनात निघाली आणि संघाला चौथ्या श्रेणीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

या सगळ्याचा परिणाम क्लबांच्या वागण्यावर होतो. पैसे कमी पडले की क्लब आधी कर थकवतो, मग वाहतूकवाल्याचे बिल थकवतो आणि खेळाडूचा पगार शेवटी. म्हणजे सरकार आणि गल्लीतला दुकानदार हे न विचारता क्लबचे सावकार बनतात.

कोथरूडची_खिडकी

ब्लॅकबर्नचा उल्लेख निघाला आहे तर पुण्याशी असलेला त्याचा संबंध नोंदवायला हवा. नोव्हेंबर २०१० मध्ये कुक्कुटपालन व्यवसायातील आपल्या पुण्याच्या वेंकीज समूहाने हा क्लब वॉकर यांच्या विश्वस्त निधीकडून सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला आणि सोबत क्लबचे बँकेचे कर्जही आले. त्या वेळी आपल्याकडे अनेकांना अभिमान वाटला होता, मलाही वाटला होता.

पुढे जे घडले ते क्लेशकारक आहे. महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अलार्डाइस यांना काढले गेले आणि मे २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. खाली आल्याबरोबर परत वर जाण्यासाठी जॉर्डन रोड्स या आघाडीपटूवर ८० लाख पौंड खर्च केले गेले. त्याने गोल भरपूर केले, परंतु संघ वर गेला नाही. तोटा लीगच्या मर्यादेपलीकडे गेल्यामुळे डिसेंबर २०१४ मध्ये खेळाडू विकत घेण्यावर बंदी आली आणि २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरून वर्षभराने परत आला.

मालकांनी पैसे दिले नाहीत, असे कोणालाही म्हणता येणार नाही. या वर्षांत त्यांनी १० कोटी पौंडांहून कितीतरी अधिक रक्कम ओतली आहे आणि मालकाचे कर्ज वेळोवेळी भागभांडवलात बदलले गेले आहे. त्यामुळे बँकेचा माणूस दारात उभा नाही. परंतु क्लबचा दर महिन्याचा पगार पुण्याहून येणाऱ्या रकमेवर अवलंबून आहे. २०२३ मध्ये भारतातील तपास यंत्रणेच्या चौकशीमुळे ती रक्कम पाठवण्यापूर्वी दिल्लीच्या न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. लँकेशायरमधल्या एका गावातील माळ्याचा पगार दिल्लीतील सुनावणीच्या तारखेवर अवलंबून राहतो, ही अवस्था मला कर्जाइतकीच गंभीर वाटते. २०२४ च्या सुरुवातीला त्यांच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला ॲडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. जमाखर्च यांनी शून्य पुस्तकी किमतीबद्दल जे लिहिले आहे, त्याचे हे ठळक उदाहरण आहे.

रुहरवासी

नोकरीनिमित्त मी अनेक वर्षे जर्मनीत राहतो. इथल्या क्लबांचे नाव शिस्तीसाठी घेतले जाते. क्लबच्या मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांच्या संस्थेकडेच असला पाहिजे, हा १९९८ पासूनचा नियमही सर्वांना माहीत आहे. तरीही बोरुसिया डॉर्टमुंड बुडता बुडता वाचला, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसते.

ऑक्टोबर २००० मध्ये शेअर बाजारात उतरणारा डॉर्टमुंड हा पहिला जर्मन क्लब होता आणि ११ युरोंना शेअर विकून त्याने मोठी रक्कम उभी केली. ती मार्सिओ आमोरोझोसारख्या महागड्या खेळाडूंवर खर्च झाली. २००२ मध्ये लीगचे विजेतेपदही मिळाले, म्हणजे मध्यफळी म्हणतात ते यश प्रत्यक्ष हाती आले होते. पण २००३ मध्ये पात्रता फेरीत बेल्जियमच्या क्लब ब्रुगकडून पेनल्टींवर हार पत्करावी लागली, चॅम्पियन्स लीग गेली आणि वर्षभराचे अंदाजपत्रक कोलमडले. तोपर्यंत वेस्टफालेन स्टेडियमही मोल्सिरिस नावाच्या गुंतवणूक निधीला विकून भाड्याने घेतलेले होते, आणि त्या भाड्याचाच फास बसला. अडचणीच्या काळात बायर्न म्युनिचने तारण न घेता २० लाख युरो उसने दिले होते, हे पुढे खुद्द बायर्नच्या उली होनेस यांनी सांगितले.

१४ मार्च २००५ हा दिवस इथले जुने लोक विसरलेले नाहीत. डुसेलडॉर्फ विमानतळावरील एका सभागृहात मोल्सिरिसच्या गुंतवणूकदारांची सभा भरली. त्यात डॉक्टर, वकील, निवृत्त माणसे असे सामान्य बचतदार होते, आणि भाडे लांबणीवर टाकायला त्यांनी संमती दिली नसती तर क्लब त्याच आठवड्यात दिवाळखोरीत गेला असता. जे लोक फुटबॉलचे चाहते असतीलच असे नाही, त्यांच्या हातात सुमारे शंभर वर्षांच्या क्लबचे भवितव्य होते. प्रचंड बहुमताने त्यांनी होकार दिला. नवे व्यवस्थापक हान्स-योआखिम वाट्झके यांनी खर्च कापला, मैदानाचे नाव विमा कंपनीला विकले आणि २००६ मध्ये कर्ज फिरवून मैदान परत मिळवले. संघात नाइलाजाने तरुण मुले आली. २००८ मध्ये युर्गेन क्लोप आले आणि २०११ व २०१२ मध्ये त्याच स्वस्तातल्या तरुण संघाने लीग जिंकली.

सभासदांची मालकी असली तरी अध्यक्षाला हिशेब विचारणारा कोणी नसेल तर तिचा उपयोग होत नाही. शेजारचा शाल्के हा तर पूर्णपणे सभासदांचा क्लब आहे, तरीही २० कोटी युरोंहून अधिक देणी डोक्यावर घेऊन तो २०२१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत गेला.

मध्यफळी

डॉर्टमुंडची माहिती मला नवी आहे, त्याबद्दल आभार. विजेतेपद मिळूनही तोल गेला, याचा विचार करावा लागेल. सभासदांच्या मालकीबद्दल बोलायचे तर बार्सिलोनाचे उदाहरण आणखी बोलके आहे. २०१७ मध्ये नेमारच्या विक्रीतून २२ कोटी २० लाख युरो आले, आणि डेंबेले व कुटिन्यो या दोघांवरच त्याहून अधिक खर्च झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी देणी १ अब्ज ३५ कोटी युरोंची असल्याचे आणि वेतनखर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के असल्याचे जाहीर केले. लीगच्या वेतनमर्यादेत बसत नसल्यामुळे मेस्सीला जावे लागले. त्यानंतरही क्लबने पुढच्या पंचवीस वर्षांच्या लीग प्रक्षेपण हक्कांचा चौथा हिस्सा विकून खेळाडू आणले. लीड्सची तिकिटे आणि बार्सिलोनाचे प्रक्षेपण हक्क, मुदत दोन्हीकडे पंचवीस वर्षांचीच.

तरीही बार्सिलोना बुडणार नाही आणि पोर्टस्मथ बुडतो, ही विषमता माझ्या मूळ मुद्द्यालाच बळ देते.

फातोर्डा

गोव्यातून लिहितो आहे. आपल्याकडे क्लबांना बँका फारसे कर्ज देत नाहीत, त्यामुळे कर्जाचा डोंगर दिसत नाही. पण उत्पन्नापेक्षा खर्च मोठा हा प्रकार आपल्याकडेही आहे, फक्त तूट मालक भरतो आणि कंटाळला की संघ बंद करतो. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये असाच संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. या हैदराबादने मार्च २०२२ मध्ये आमच्या फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून आयएसएलचे, म्हणजे इंडियन सुपर लीगचे, विजेतेपद मिळवले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत खेळाडूंचे पगार थकले, नवे खेळाडू नोंदवण्यावर फिफाची बंदी आली, परदेशी खेळाडू निघून गेले आणि संघ तळाला पोहोचला. ज्या तरुण भारतीय मुलांना तो हंगाम रेटावा लागला, त्यांच्या बाजूने त्या वेळी फार थोडे लोक बोलले.

नदीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मध्यफळी यांच्या विषमतेच्या मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतील क्लब मिळून अनेक हंगामांत एकूण उलाढालीपेक्षा जास्त रक्कम वेतनावर खर्च करत आले आहेत. याचे कारण मालकांचा अविचार एवढेच नाही. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबला तीन वर्षांपर्यंत आधाराची रक्कम मिळते आणि पहिल्या वर्षी ती प्रक्षेपणाच्या समान वाट्याच्या ५५ टक्के असते. जो क्लब कधी वर गेलाच नाही, त्याला अशा श्रीमंत प्रतिस्पर्ध्याशी झुंजायचे असते. त्या दबावाखाली डर्बी कौंटीच्या मालकाने २०१८ मध्ये क्लबचे मैदान स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला ८ कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकून तोटा झाकला. २०२१ मध्ये प्रशासक आले, एकूण २१ गुण कापले गेले आणि संघ घसरला. पैशाचे वाटप बदलल्याशिवाय हा मोह सुटणार नाही, एवढे मी मान्य करतो.

पण ज्याने मला हा धागा काढायला लावले, तो क्लब याहून खूप छोटा आहे. बरी हा मँचेस्टरजवळचा १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब. १९०३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात त्याने डर्बीला ६-० ने हरवले होते. २०१८-१९ मध्ये न परवडणाऱ्या वेतनावर खेळाडू घेऊन त्याने वरची श्रेणी गाठली खरी, परंतु त्याच वसंतात पगार थकले. मैदान गहाण होते आणि डिसेंबर २०१८ मध्ये क्लब एका पौंडाला विकला गेला होता. लीगने पैशाचा पुरावा मागितला, तो मिळाला नाही. शेवटच्या दिवसांत एका माजी संचालिकेने मैदानाच्या पन्हाळीला स्वतःला बेड्या घालून घेतल्या. २७ ऑगस्ट २०१९ रोजी नवा खरेदीदार येणार अशी आशा होती, म्हणून शेकडो लोक झाडू, बादल्या आणि रंगाचे डबे घेऊन गिग लेन या बरीच्या मैदानावर आले आणि शनिवारच्या सामन्यासाठी खुर्च्या पुसू लागले. ते पुसत असतानाच खरेदीदाराने माघार घेतली आणि त्या रात्री लीगने बरीला काढून टाकले. त्या लोकांपैकी एकानेही कोणत्याही करारावर सही केलेली नव्हती.

बरीच्या अंतानंतर आणि २०२१ मधील युरोपियन सुपर लीगच्या, म्हणजे बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी स्पर्धा काढण्याच्या फसलेल्या बेताच्या, प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये चाहत्यांच्या बाजूने चौकशी झाली आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा संमत झाला. त्यातून आलेला स्वतंत्र नियामक वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना परवाना देणार, त्यांची आर्थिक योजना तपासणार, मालकाची पात्रता पाहणार आणि मैदान विकायचे असल्यास आधी त्याची मंजुरी घ्यावी लागणार.

जमाखर्च

यातले मैदानाचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. लीड्स, डॉर्टमुंड आणि डर्बी या तिन्ही ठिकाणी मैदान विकणे ही धोक्याची पहिली उघड खूण होती. शेफील्ड वेन्स्डेनेही २०१९ मध्ये हिल्सबरो हे मैदान आपल्याच मालकाच्या कंपनीला विकले होते. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे पगार वारंवार उशिरा झाले आणि ऑक्टोबरमध्ये क्लब प्रशासकाकडे जाऊन बारा गुण गेले. मालकाच्या निषेधार्थ क्लबच्या दुकानावर बहिष्कार टाकलेले चाहते त्याच दिवशी दुकानाबाहेर रांग लावून उभे राहिले, कारण आता त्यांचा पैसा पगाराला लागणार होता. पोर्टस्मथमध्येही २०१३ साली चाहत्यांनी प्रत्येकी हजार पौंडांचे शेअर घेऊन क्लब सोडवला आणि दीड वर्षात जुनी देणी फेडून टाकली. नियामकाने वेतन आणि उत्पन्न यांचे प्रमाण दर तिमाहीला जाहीर करायला लावले, तर चाहत्यांना ही रांग लावण्याची वेळ येण्यापूर्वीच प्रश्न विचारता येतील. फुटबॉलमधील धनकोंच्या नियमाबद्दल मात्र अजून कोणी ठोस पाऊल उचललेले नाही आणि तो रद्द व्हावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.